दोनशे बारा किडे

नाना हॉस्पिटलात दाखल झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी ताईंनी माशांच्या खाण्याच्या डब्यावर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली. डबा काचेचा होता, आत तांबूस चुरा होता, आणि चुऱ्याची पातळी जिथे होती तिथे कागदाची पट्टी चिकटवून त्यावर ही रेघ. कोणाला दाखवून मारली नाही, लपूनही मारली नाही. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं साहाय्यक म्हणून काढलेल्या बाईला बाटली दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. एका प्राध्यापकांनी टाचांना लावायला घरी नेलेलं ग्लिसरीन ताईंनी अशाच रेघेवरून पकडलं होतं. ते प्राध्यापक पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. ताईंना त्याचं सुतराम वाईट वाटलं नव्हतं.

नाना म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. जिन्यावरून पडून त्याचं मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, आणि आठ दिवसांचे तीन आठवडे होणार असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या दिवशी घरातून नेताना त्याने स्ट्रेचरवरूनच खाऱ्या पाण्याच्या टाकीची कामं वाटून दिली. पाणी ताईने बघायचं, म्हणजे मीठ कालवणं, क्षार मोजणं, दर रविवारी थोडं पाणी बदलणं. खाणं बायकोने घालायचं, सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. "चिमूट म्हणजे चिमूट. मूठ नाही," एवढं बोलून तो लिफ्टमध्ये गेला.

टाकी होती ताईंच्याच खोलीत. किंवा खरं सांगायचं तर टाकीच्याच खोलीत ताई होत्या. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी आपल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या होत्या, सामान काढून टाकलं होतं आणि "ताई, आता एकटी कशाला राहतेस" या नानाच्या एका वाक्यावर विसंबून इथे आल्या होत्या. परतीची वाट उरली नव्हती. आणि आल्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच पाल चुकचुकत होती, की भावजयीला आपण इथे नको आहोत. भावजय तसं कधी बोलली नव्हती. उलट चहा हातात आणून द्यायची, "वन्सं, वन्सं" करायची. पण जी बाई कधीच कुरकुर करत नाही तिच्या पोटात काय आहे ते कळायचं कसं? एकतीस वर्षांत ताईंना गप्प मुलांनीच जास्त फसवलं होतं.

पहिला किडा त्यांना रेघ मारल्यानंतर चौथ्या सकाळी दिसला. टाकीचा दिवा अजून लागायचा होता, खिडकीतून राखाडी उजेड येत होता. एका मेलेल्या गोगलगाईच्या शंखातून काहीतरी गुलाबी, बोटभर लांब, लवलवत बाहेर आलं. दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या झिपऱ्या. ताई चष्मा लावून वाकल्या तेव्हा खडकाच्या प्रत्येक भोकात तसंच एकेक डोकं हलताना दिसलं. दिवा लागला आणि सगळी डोकी एकदम आत गेली. अपराधी असल्याशिवाय कोण असं पळतं, असं त्यांना वाटलं.

त्या दिवशी त्या मीठवाल्याकडे गेल्या. समुद्री मिठाच्या पिशव्या आणि माशांचं सामान विकणारं ते दुकान तीन चौक पलीकडे होतं, आणि नाना त्या दुकानदाराला मीठवालाच म्हणायचा. तो नळ्या धुवत होता.

"ब्रिसलवर्म आहेत ते, ताई. सगळ्यांच्या टाकीत असतात. झाडूवाले समजा. मेलेलं, सांडलेलं, कुजलेलं खाऊन टाकतात."

"इतके?"

"इतके असतील तर घरात कोणीतरी जास्त वाढतंय. खाणं उरलं की यांची पिलावळ वाढते. खाणं कमी करा, आपोआप कमी होतील. फार झालेच तर छोट्या बाटलीला भोकं पाडा, आत कोळंबीचा तुकडा टाका, सकाळी बाटली उचला. पण थोडे काढा. सगळे काढू नका. आणि हात लावू नका, केस रुततात."

एवढा सविस्तर सल्ला त्याने दिला, पण ताईंच्या कानात राहिलं ते एकच वाक्य, घरात कोणीतरी जास्त वाढतंय. घरी येऊन त्यांनी डबा पाहिला. चुरा रेघेच्या करंगळीभर खाली गेला होता. दिवसाला दोन चिमटींत करंगळी जात नाही. हिशोब त्यांना पाठ होता.

"खाणं दोनदाच घालतेस ना?" जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दोनदाच, वन्सं," भावजय म्हणाली आणि उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता.

ताईंनी दुसरी रेघ मारली. आता त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली, आणि पाहणाऱ्याला दिसतंच. रोज पाऊण वाजला की भावजय म्हणायची, "वन्सं, तुम्ही बाहेर पडा जरा, मी खोली झाडून घेते." दार लोटायची. दहा बाय दहाची खोली, त्यात एक पलंग, एक कपाट, एक टाकी. ती झाडायला अर्धा तास? शिवाय केरसुणी बाहेरच राहायची. एकदा ताई दाराजवळून गेल्या तेव्हा पंपाच्या घरघरीतून भावजयीचा दबका आवाज आला, "घे, अजून एक घे. एवढा घे. शाब्बास." माशांशी बोलत होती बाई. लाडीगोडी लावून त्यांना चारत होती.

ताईंनी सोफ्यावर आडवं होऊन सगळा विचार केला, आणि त्यांना तो इतका चोख बसला की त्या उठूनच बसल्या. खाणं जास्त झालं की पाणी नासतं. पाणी कोणाकडे? ताईंकडे. टाकी मेली तर नाना कोणाला बोलणार? ताईंना. सोळा वर्षं जपलेली टाकी जिने तीन आठवड्यांत घालवली, त्या बहिणीला तो घरात कशाला ठेवेल? साप मरणार आणि काठीही शाबूत राहणार. भावजय इतकी हुशार असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि अशा हुशारीबद्दल त्यांना जरा आदरही वाटला.

यावर साधा उपाय होता. भावजयीला सांगायचं, "अगं, डबा लवकर संपतोय, पाणी बिघडेल." दहा शब्दही लागले नसते. पण प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत चोरणाऱ्याला कोणी आधी सावध करत नाही. त्याला चोरू द्यायचं, नोंद ठेवायची आणि वरिष्ठांसमोर उभं करायचं. ताईंनी एक वही काढली. तारीख, चुऱ्याची पातळी, दार किती वेळ बंद. नाना घरी आला की वही त्याच्या हातात द्यायची, स्वतः एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

किड्यांना मात्र त्या सोडणार नव्हत्या. त्यांनी बाटलीला भोकं पाडली, कोळंबीचा तुकडा आत टाकला आणि पहिल्याच सकाळी एकोणीस किडे उचलले. उकळत्या पाण्यात टाकले, मोजले, वहीत लिहिलं. दुसऱ्या सकाळी सव्वीस. पाचव्या दिवशी बाटलीत येणं कमी झालं तेव्हा त्या चिमटा घेऊन खडकच उचलायला लागल्या. खडकाखालचा वर्षानुवर्षांचा गाळ ढवळून वर आला आणि टाकीत धुकं पसरलं. एक मोठा किडा निसटत होता, तो त्यांनी बोटांनी धरला, आणि बोटाला आग लागल्यासारखं झालं.

त्यांच्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण भावजय ओल्या हातांनी धावत आली. तिने बोट पाहिलं. चिकटपट्टी आणली, बोटावर दाबली, झटक्यात ओढली. पट्टीवर बारीक पांढरे केस आले. असं चार वेळा केलं, मग व्हिनेगरचा बोळा लावला आणि तो धरून बसून राहिली.

"तुला बरं माहीत गं हे सगळं," ताई म्हणाल्या.

"ह्यांना लागले होते एकदा. दुखतंय का फार?"

"नाही," ताई म्हणाल्या. दुखत होतं. आणि हात हातात धरून बसलेल्या त्या बाईला किड्यांबद्दल इतकं माहीत आहे म्हणजे किडे कशाने वाढतात हेही माहीत असणार, हेही त्यांच्या मनात आलंच. संध्याकाळी त्यांनी तेसुद्धा वहीत लिहिलं.

अकराव्या सकाळी बाटली रिकामी निघाली. एकूण दोनशे बारा. ताईंनी खाली दुहेरी रेघ ओढली. त्या दिवशी पाण्याची चाचणी घेतली तर नळीतला रंग पिवळा राहायच्या ऐवजी हिरवट आला. अमोनिया. सांडलेलं खाणं खाऊन टाकणारं आता टाकीत कोणी उरलं नव्हतं, आणि दुपारचं खाणं तर पडतच होतं. ताईंना हे कळत नव्हतं असं नाही. रसायनशास्त्र त्यांच्या हाडीमासी मुरलेलं होतं. पण त्यांनी पाणी बदललं नाही, कारण पाणी रविवारी बदलायचं असं ठरलं होतं आणि त्या दिवशी गुरुवार होता. नियमाबाहेर बोट हलवलं असतं तर उद्या कोणी म्हटलं असतं, ताईंनीच काहीतरी केलं. त्यांनी "हिरवट" असा शब्द वहीत लिहिला. शुक्रवारी "हिरवा" लिहिला.

टाकीत एक जोडी होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली मोठी मादी, तिला नाना मालकीणबाई म्हणायचा, आणि तिच्या मागे मागे फिरणारा अर्ध्या आकाराचा नर, तो कारकून. मालकीणबाई सोळा वर्षांची होती. काचेवर बोट ठेवलं की चावायला यायची. शनिवारी सकाळी ती पृष्ठभागाशी तोंड वर करून थांबली होती आणि कल्ले भराभर हलवत होती. आता मात्र पुरावा पुरे झाला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आज हिला रंगेहाथ पकडायचं आणि मग पाणी बदलायचं.

एक वाजून पाच मिनिटांनी त्यांनी दार ढकललं.

भावजय स्टुलावर बसली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चिमूट. मिठाच्या खोक्याला टेकवून तिने मोबाइल उभा केला होता आणि त्याच्यात नाना दिसत होता. दाढी वाढलेली, छातीवर ताट, हातात चमचा. तोंड घासासाठी उघडलेलं.

"ताई," नाना म्हणाला आणि चमचा खाली ठेवला. चोरून बिस्कीट खाताना सापडलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला.

भावजयीने डबा मांडीवर ठेवला. "जेवत नव्हते हे, वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिले तीन दिवस ताट परत जात होतं. हॉस्पिटलवाले म्हणाले, असं केलं तर जखम भरायची कशी. मग मी म्हटलं, मालकीणबाईने एक घास घेतला की तुम्ही एक घ्यायचा. तेव्हापासून जेवतात."

"तुला नव्हतं कळू द्यायचं," नाना मोबाइलमधून म्हणाला. "तू हसली असतीस. नाहीतर रागावली असतीस." मग तो स्क्रीनजवळ आला. "पाणी असं दुधाळ का दिसतंय गं?"

ताईंनी तोंड उघडायच्या आत भावजय म्हणाली, "काही नाही हो. मोबाइलची काच पुसायची राहिलीय. तुम्ही जेवा, मी नंतर लावते," आणि तिने फोन बंद केला.

"खोटं का बोललीस?" ताईंनी विचारलं. सवयीने आवाज तपासणी करणाऱ्याचाच निघाला.

"पाणी तुमच्याकडे दिलंय ना," भावजय म्हणाली. "त्यांना वाटलं असतं, तुमचंच काही चुकलं. तीन दिवस बघतेय मी, पाणी गढूळ होतंय. तुम्हाला विचारायचं होतं, पण म्हटलं, इतकी वर्षं लॅबमध्ये काम केलेली बाई, तिला मी काय पाणी शिकवू. वाईट वाटेल तुम्हाला."

"डब्यावरच्या रेघा दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या की. तेलाच्या बरणीवरही आहेत, माझ्या शाम्पूवरही आहेत. तुमची सवयच आहे ती, म्हणून सोडून दिलं."

ताई पलंगावर बसल्या. पाच महिन्यांत शरम म्हणावी अशी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच वाटली, आणि ती सहन होण्यासारखी नव्हती. त्या लगेच उठल्या. दोघींनी मिळून बादल्या आणल्या, मीठ कालवलं, अर्धी टाकी उपसली, पुन्हा भरली. भावजय नळी धरून होती, ताई चाचणी घेत होत्या. हिरवा रंग फिका झाला, पण गेला नाही. साडेतीन वाजता मालकीणबाई आडवी झाली आणि वाळूवर टेकली. कारकून तिच्याभोवती फिरत राहिला. तिला खायला आता एकही किडा आला नाही, भावजयीनेच तिला जाळीने बाहेर काढलं.

पाच वाजता दोघी हॉस्पिटलात पोचल्या. नानाच्या उशाशी दुपारचं ताट झाकलेलं होतं, फोन बंद झाल्यावर त्याने पुढे काही खाल्लं नव्हतं. बायकोचा चेहरा पाहूनच त्याने विचारलं, "कोण गेलं?"

"मालकीणबाई," भावजय म्हणाली. "वय झालं होतं हो तिचं. सोळा वर्षं काय कमी..."

"वयाने नाही गेली," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळे गेली."

भावजयीने त्यांच्या दंडाला हात लावला, पण ताई थांबल्या नाहीत. खाणं जास्त पडतंय हे दोन आठवड्यांपासून माहीत होतं, हे सांगितलं. दोनशे बारा किडे काढले, एकही ठेवला नाही, हे सांगितलं. पाण्यात अमोनिया दिसला तरी दोन दिवस नुसती वही लिहिली, हेही सांगितलं. वही पिशवीत होती, ती काढून त्यांनी नानाच्या पांघरुणावर ठेवली. आणि मग जे सांगितलं नसतं तरी चाललं असतं तेही सांगितलं.

"मला वाटलं, ही मुद्दाम करतेय. टाकी मरावी, माझ्यावर यावं आणि तू मला घराबाहेर काढावंस म्हणून."

दंडावरचा हात निघाला. शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होता. नानाने वही उघडली, दोन पानं वाचली, मिटली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"माझ्या घरात राहून तू माझ्याच बायकोवर पाळत ठेवून वही लिहिलीस," तो म्हणाला. "बस झालं, ताई. मी घरी येईपर्यंत तू तुझी सोय दुसरीकडे बघ."

पाच महिने ताई या वाक्याची वाट पाहत होत्या. फक्त ते भावाच्या तोंडून येईल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी खाटेची कड धरली.

"ते मी ठरवीन," भावजय म्हणाली.

नानाने वही पांघरुणावर टाकली.

"संशय माझ्यावर घेतला, तुमच्यावर नाही. तेव्हा काय करायचं ते मी बघेन. आणि आत्ता मला बोलायचं नाही." तिने ताटावरचं झाकण काढलं, थंड सूप ढवळलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. "तुम्ही जेवा आधी."

परतताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. ताईंनी दोनदा "अगं" म्हणून सुरुवात केली. भावजय खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिने स्वयंपाक केला, ताट वाढलं, ते टेबलावर ठेवलं आणि आत निघून गेली. ताईंनी कपाट उघडलं, कपड्यांच्या घड्या बाहेर काढल्या, पण कुठे जायचं ते सुचेना, म्हणून पुन्हा आत ठेवल्या.

सकाळी भावजय खोलीत आली तेव्हा तिच्या हातात क्षार मोजायचं यंत्र होतं. पलंगाकडे न बघता ती बोलली.

"आजपासून पाणी मी बघणार. खाणं घालायचं काम दुसरीकडे. सकाळची चिमूट बंद, ती दुपारी एक वाजता पडेल. संध्याकाळची आहे तशी. म्हणजे दोन त्या दोनच. खडकात चारदोन किडे दिसले आज मला, ते राहू द्यायचे. फोन एकच्या ठोक्याला लावायचा."

"मी?" ताईंनी विचारलं.

भावजयीने डब्याचं झाकण घट्ट केलं. डबा पलंगाच्या कडेला ठेवला आणि गेली.

एक वाजता ताईंनी मोबाइल खोक्याला टेकवला. नाना आला तो कपाळाला आठ्या घेऊनच आला. बायकोच्या जागी बहीण दिसताच त्याने मान फिरवली. टाकीत कारकून एकटाच मधोमध उभा होता, पुढे कोणी चालणारं नसल्यामुळे कुठे जावं ते त्याला कळत नसावं. भावजय टाकीच्या दुसऱ्या टोकाला वाकून यंत्रातला आकडा बघत होती.

ताईंनी चिमटीतला चुरा थोडा थोडा सोडला. बऱ्याच वेळाने कारकून वर आला आणि त्याने एक कण उचलला.

"खाल्लं त्याने," ताई म्हणाल्या. "आता तू खा."

नानाने ताट बाजूला सारलं. ताईंना वाटलं, हा आता फोन बंद करणार.

"नाना, मी चुकले. खूप चुकले. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण घास घे."

त्याने चमचा उचलला. घास तोंडात घातला आणि रागारागाने चावत राहिला. कारकुनाने दुसरा कण घेतला, तिसरा घेतला. नाना त्याच्यामागून खात राहिला. अर्धं ताट संपलं.

"पाणी ठीक आहे आज, वन्सं," टाकीच्या पलीकडून भावजय म्हणाली.

कालच्या पाच वाजल्यापासून तिने ताईंना कशानेच हाक मारली नव्हती.